नव्या शहरात नेहमी बसायला जाण्याजोगा बार कसा ओळखावा?

तुमचा प्रश्न असा: नव्या शहरात राहायला आलोय, ऑनलाइन रेटिंग बघून तीन-चार ठिकाणी जाऊन आलो, पण पुन्हा जावंसं एकही वाटलं नाही. घराजवळ नेहमी बसता येईल असा बार किंवा अड्डा ओळखायचा कसा?

आधी रेटिंगचं बघू. भरभरून तारे देणारी मंडळी बऱ्याचदा वाढदिवसाला किंवा ऑफिसच्या पार्टीला एकदाच आलेली असतात. त्यांना सजावट आवडलेली असते, फोटो छान आलेले असतात. मंगळवारी संध्याकाळी दीड तास निवांत बसायचं असेल, तर त्या ताऱ्यांचा तुम्हाला उपयोग नाही. प्रतिक्रिया ‘सर्वात नवीन आधी’ अशा लावा, गेल्या तीन महिन्यांपलीकडच्या वाचू नका आणि ‘आवाज’, ‘एकटा’, ‘बिल’ हे शब्द त्यात शोधा. मालकाने तक्रारीला काय उत्तर दिलंय तेही वाचा. गिऱ्हाइकाशी वाद घालणारा मालक दिसला तर ती जागा सोडून द्या. यापुढचं सगळं तिथे जाऊनच कळतं.

शोध घरापासून चालत दहा-बारा मिनिटांत, म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या आत ठेवा. त्याहून लांबची जागा कितीही चांगली असली तरी ‘कधीतरी जाऊ’ या यादीत जाते. शिवाय पिऊन गाडी चालवायचा प्रश्नच मिटतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ च्या पुस्तकात ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. घर ही पहिली जागा, काम ही दुसरी आणि जिथे न ठरवता जाता येतं ती तिसरी. त्यातला ‘न ठरवता’ हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिथे जायला आधी टेबल राखून ठेवावं लागतं ती जागा कितीही झकास असो, ती नेहमीची होत नाही.

पहिली फेरी सोमवार ते बुधवारमध्ये, उघडल्यावर तासाभराने मारा. तेव्हा काउंटरमागचा माणूस रिकामा असतो आणि दोन प्रश्नांना नीट उत्तर देऊ शकतो. दुसरी फेरी मात्र शुक्रवारी-शनिवारी ऐन गर्दीत, आणि ती फक्त आवाज तपासायला.

आवाजाकडे लोक फार दुर्लक्ष करतात, आणि जागा आवडली नाही यामागे बहुतेक वेळा तोच असतो. फोनवर डेसिबल मोजणारं फुकट ॲप मिळतं. ते अचूक नसलं तरी अंदाजाला पुरतं. एक मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. बारमध्ये आकडा ७० च्या आसपास असेल तर गप्पा आरामात होतात. ७५ च्या पुढे गळा ताणावा लागतो. ८५ ला समोरच्याच्या कानाशी जावं लागतं, आणि तिथून कानांच्या तब्येतीचाही प्रश्न सुरू होतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ ला जेमतेम एक तास.

रिकाम्या वेळी शांत वाटणारी जागा गर्दीत असह्य का होते? कारण आजूबाजूला आवाज वाढला की आपण नकळत मोठ्याने बोलतो, आणि आपल्यामुळे शेजारचं टेबल. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने हे १९११ मध्येच नोंदवलं होतं. त्यात काच, फरशी आणि उघडं काँक्रीट असेल तर आवाज भिंतींवर आपटून परत येत राहतो. पडदे, लाकूड, गाद्या, पुस्तकांची कपाटं तो शोषतात. म्हणून दार उघडल्यावर आधी छत आणि भिंती बघा, मेनू नंतर. मोठ्या संगीताचा धंद्याला फायदा असतो हेही लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारमधलं संगीत ७२ वरून ८८ डेसिबलवर नेलं, तेव्हा तरुणांचा बिअरचा ग्लास सरासरी साडेचौदाऐवजी साडेअकरा मिनिटांत संपायला लागला. बोलता येत नाही म्हटल्यावर हात ग्लासकडेच जाणार.

बसायच्या जागेबद्दल थोडक्यात. एकट्याला काउंटर बरा, पण स्टुलाला पाठ आणि पाय टेकायला दांडी हवी, नाहीतर चाळीस मिनिटांत कंबर बोलायला लागते. काउंटरची उंची साधारण १०५ सेंटिमीटर आणि स्टूल ७५ च्या आसपास असलं की मांड्या अडकत नाहीत. काउंटर काटकोनात वळत असेल तर तो कोपरा सगळ्यात उत्तम: अनोळखी माणसाशी मान न वळवता बोलता येतं आणि नको असेल तेव्हा बोलणं टाळताही येतं. स्वच्छतागृहाच्या दाराजवळचं आणि स्पीकरखालचं टेबल कोणी दिलं तर सरळ नाही म्हणा.

आता मुख्य गोष्ट. काउंटरमागे किती काळजी घेतली जाते हे तपासायचं असेल तर ड्राफ्ट बिअर मागवा, कारण बाटलीत बारच्या हातून बिघडण्यासारखं फार थोडं असतं आणि नळाच्या बिअरमध्ये जवळजवळ सगळंच असतं. केग (बिअरचं मोठं पिंप) ते नळ या प्रवासात बिअर लांब नळीतून येते आणि त्या नळीत यीस्ट, जिवाणू आणि कॅल्शियम ऑक्झलेटचा कडक थर साचत जातो. तो काढायला दर १४ दिवसांनी अल्कधर्मी रसायनाने आणि दर तीन महिन्यांनी आम्लाने नळी धुवावी लागते. काउंटरवर विचारा, “नळ्या शेवटच्या कधी धुतल्या?” तारीख किंवा वार सांगितला तर उत्तम. “नेहमी धुतो” हे उत्तर नाही.

ग्लास हातात आला की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखी आंबट झाक असेल तर नळी किंवा नळाचं तोंड अस्वच्छ आहे. लोण्याचा वास आला तरी पहिला संशय नळीवर घ्या, मात्र तो दोष कधी कधी ब्रूअरीतूनच, म्हणजे बिअर बनते त्या कारखान्यातूनच, येतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी झाली, तिला हवा लागली. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला कधी कधी जो उग्र, कुबट वास येतो त्यामागे मात्र उजेड असतो. उजेडाने हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांतले) घटक तुटतात, म्हणून तपकिरी बाटली बरी आणि काचेच्या फ्रिजमध्ये दिव्याखाली मांडलेली हिरवी बाटली टाळावी.

मग ग्लासकडे बघा. बिअरच्या आत, काचेच्या बाजूंना बुडबुडे चिकटून बसले असतील तर तिथे तेलकटपणा किंवा फडक्याचे धागे राहिलेत. फेस मिनिटाभरात विरला तरी बहुधा तेच कारण, नाहीतर नीट न विसळल्याने राहिलेला साबण. ग्लास स्वच्छ असेल तर दर घोटागणिक फेसाचं एकेक कडं काचेवर मागे राहतं. तळाच्या मधोमध एकाच जागेवरून बुडबुड्यांची धार येत असेल तर तो दोष नाही, काही ग्लासांच्या तळाला मुद्दाम बारीक ओरखडे कोरलेले असतात. आणि बर्फाने पांढरा झालेला गोठवलेला ग्लास म्हणजे पाहुणचार समजू नका. त्यात बिअर जास्त फेसाळते आणि इतकी गार होते की जिभेला चवच कळत नाही. खराब बिअर खपवायला ही युक्ती बरी पडते. ओतताना नळाचं तोंड बिअरमध्ये बुडवणारा माणूस दिसला तर पुढचं पेय बाटलीतलं घ्या. एका ग्लासातले जंतू नळाला लागले की पुढच्या सगळ्या ग्लासांत जातात.

नळांची संख्या बघून भुलू नका. ५० लिटरच्या केगमधून नासाडी वगळता अर्ध्या लिटरचे साधारण ९० ग्लास निघतात. एखाद्या नळाचे दिवसाला तीनच ग्लास खपत असतील तर ती केग महिनाभर तशीच लागलेली राहते. पाश्चराइज न केलेली बिअर सतत थंड ठेवली तरी तयार झाल्यापासून दीड-दोन महिनेच चांगली राहते, आणि त्यातला बराच वेळ गोदामात आणि वाटेत गेलेला असतो. त्यामुळे रिकाम्या बारमधल्या २४ नळांपेक्षा भरलेल्या बारमधले सहा नळ केव्हाही चांगले. “कोणती बिअर सर्वात जास्त खपते?” हा प्रश्न “कोणती चांगली?” यापेक्षा कामाचा. दार उघडल्या उघडल्या गेलात तर तो पहिला ग्लास घेऊ नका, रात्रभर नळीत पडून राहिलेली बिअर तुमच्याच वाट्याला येते. नीट चालवणारे ती आधीच ओतून देतात, पण सगळेच देत नाहीत.

बिअर पीत नसाल तर बर्फ बघा. साध्या पाण्यात बर्फ मागवा आणि वास घ्या. कुबट लागला तर बर्फाचं यंत्र किंवा पेटी धुतलेली नाही. बर्फ चमच्याने काढतात की ग्लासनेच उपसतात? ग्लासने उपसताना काच फुटली तर तुकडे बर्फात दिसतही नाहीत. वाइन सुटी घेताना बाटली कधी उघडली ते विचारा. उघडलेली बाटली थंड ठेवली तर तीन ते पाच दिवस निभावते, बुडबुड्यांची (स्पार्कलिंग) वाइन त्याहून कमी. वर्मूथ हीदेखील वाइनच, त्यामुळे ती फ्रिजबाहेर व्हिस्कीशेजारी उभी दिसली तर त्या बारमध्ये वर्मूथ लागणारं कॉकटेल मागवू नका. बाटल्यांच्या उघड्या तोंडांवर चिलटं बसलेली दिसली तर उठलेलंच बरं. खाण्याचं एवढंच: दारात जुन्या तेलाचा जड वास आला तर तळलेलं मागवू नका.

किती प्यायलो याचा हिशेब ग्लासांत करू नका, ग्रॅममध्ये करा. मिलिलिटर गुणिले टक्केवारी भागिले शंभर, गुणिले ०.७८९. त्यानुसार ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये जवळपास २० ग्रॅम अल्कोहोल असतं, ८ टक्क्यांच्या बिअरमध्ये ३१ ते ३२, आणि ४० टक्क्यांच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साडेनऊ. म्हणजे एक ‘स्ट्राँग’ ग्लास तीन पेगांहून जास्त भरतो. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढतं. कॉफी किंवा गार पाणी त्याचा वेग वाढवत नाही. इंटरनेटवरचे ‘दोन ड्रिंक’चे सल्ले वाचताना देश बघा: एक प्रमाणित ड्रिंक अमेरिकेत १४ ग्रॅमचं, ऑस्ट्रेलियात १० चं, तर ब्रिटनचं युनिट ८ चं. पेग मापाने मोजून देतात की हाताच्या अंदाजाने तेही बघा. अंदाजाने ओतलेलं जास्त पडलं तर लोक खूश होतात, पण मग वरचा हिशेब लावताच येत नाही.

न पिणारा मित्र सोबत असेल तर त्याला काय मिळतं ही माझ्या मते चांगली कसोटी. डबाबंद सरबताखेरीज काही नसेल, किंवा ‘नुसतं सोडा?’ म्हणून वेटरचं तोंड वाकडं झालं, तर तिथे मिश्र कंपूने बसण्यात मजा नाही. एकट्या बाईसाठी तीन गोष्टी बघा: काउंटरवर बसल्यावर आपलं पेय ओतताना दिसतं का, कर्मचाऱ्यांत बायका आहेत का, आणि त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकाला उठवताना कोणी मागेपुढे बघतं का. तिसरी गोष्ट एका फेरीत कळत नाही, आजूबाजूला एकट्या बसलेल्या बायका दिसतात का यावरून अंदाज येतो. अड्डा बारच असला पाहिजे असंही नाही. बोर्डगेम मांडून बसता येईल असा कॅफे, लांब सामाईक टेबल असलेलं पुस्तकांचं दुकान, एखाद्या मैदानाचं कँटीन, यांनाही आवाज, अंतर आणि बैठक हेच निकष लागतात.

जागा पसंत पडली की महिनाभर एकाच वारी, एकाच वेळी जा. कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बहुधा ठरलेल्या असतात, त्यामुळे तीच माणसं भेटतात आणि चौथ्या-पाचव्या फेरीला ओळख पटते. वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा गेलात तरी ती पटेलच असं नाही. गर्दीत हात हलवून किंवा चुटक्या वाजवून बोलावू नका, नजर मिळेपर्यंत थांबा. कंपूची ऑर्डर एकाने, एकदाच आणि ठरवून द्या. “जरा कडक बनव” म्हणू नका, त्याने फुकट दारू मागितल्यासारखं होतं. बंद व्हायला वीस मिनिटं असताना हलवून, घोटून करायचं कॉकटेल मागवू नका, तोवर शेकर धुऊन ठेवलेला असतो. बिल मात्र गर्दी उसळायच्या आधी मागा आणि मोजून घ्या, चुका गर्दीतच होतात.

शेवटी एक नाही, दोन जागा ठरवा: एक एकट्याने बसायची, शांत, दुसरी चार-पाच जण आले तरी टेबल जोडून देणारी. दोन्ही ठिकाणांची आठवड्याची सुट्टी एकाच वारी येत नाही ना, तेवढं आधी विचारून घ्या.