नडगीचं आधी सांग

अगं पोरी,

मलेशियातल्या लंकावीच्या आयर्नमॅनसाठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकाच दिवसात उरकायच्या शर्यतीसाठी, तू केलेलं आठवड्याचं वेळापत्रक पाहिलं. पळणं हिरव्या रंगात, सायकल निळ्यात, पोहणं पिवळ्यात. सगळं पान पावसाळ्यातल्या यवतेश्वरच्या डोंगरासारखं हिरवंगार झालंय. रविवारी एक निळी पट्टी आणि कडेला पिवळ्याचे दोन ठिपके. आणि अगदी तळाशी, जाता जाता लिहावं तसं: 'डावी नडगी जरा दुखते, पण पहिल्या दोन किलोमीटरनंतर जाते.'

मी तुझं पान खालून वर वाचलं.

आज संध्याकाळी खुर्चीत बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत गुडघ्याकडून घोट्याकडे ने. वीतभर लांबीत सगळीकडेच थोडं थोडं दुखत असेल तर घाबरण्यासारखं फार नाही, पळणं कमी केलं की उतरतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ आली, रात्री पडल्या पडल्या ठणकलं किंवा त्या एका पायावर उडी मारायला मन धजेना, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या दिवसांत साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आलाय ताई' असा मेसेज मला पाठवू नकोस.

आणखी एक विचारते, राग मानू नकोस. पाळी वेळेवर येतेय ना? तीन-तीन खेळांचा व्यायाम वाढला आणि ताटातली भाकरी तेवढीच राहिली की शरीर आधी पाळी लांबवतं, आणि त्या काळात हाडंही कच्ची पडत जातात. पूर्वी आमच्यात काही जणी 'बरं झालं, कटकट गेली' म्हणायच्या. तो मूर्खपणा होता. रक्त तपासशील तेव्हा हिमोग्लोबिनवर थांबू नकोस, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघून घे.

हे सगळं मला कसं माहीत, तर माझी उजवी नडगी. पहिल्या फुल आयर्नमॅनच्या वेळी मी मॅरेथॉनचा सोळा आठवड्यांचा अख्खा प्लॅन घेतला आणि त्याच्यावर सायकल आणि पोहणं रचलं, भरलेल्या डब्यावर आणखी दोन डबे ठेवावेत तसं. शर्यतीला अकरा आठवडे असताना एमआरआयमध्ये चीर दिसली. सात आठवडे पळणं शून्य. पहिले तीन आठवडे फक्त पोहले, तेही पायात पुल बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, अडकवून. मग डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली आणि मी रागारागाने तीच चालवत बसले. शेवटच्या चार आठवड्यांत पळाले ते चालत-पळत, सर्वांत लांब आठ किलोमीटर. मैदानात उतरले तेव्हा घरच्यांनाही वाटत होतं की ही सायकल संपवून परत येईल. मॅरेथॉन सहा तास दहा मिनिटांत झाली. मी आधी मनात धरलेल्या वेळेपेक्षा फक्त पंचवीस मिनिटं जास्त. आता तू असं कर असं मी म्हणत नाहीये, नशीबही होतं त्यात. पण त्या दिवशी माझ्या डोक्यातला पळण्याचा माज उतरला. बेचाळीस किलोमीटर मला ओढून नेले ते सायकलवर घालवलेल्या आठवड्यांनी.

आता तुझं गणित करू. हिरव्यात ६२ किलोमीटर. तुझ्या साडेसहाच्या पेसने, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी, ते पावणेसात तास होतात. निळ्यात रविवारचे ८० किलोमीटर, म्हणजे साडेतीन-पावणेचार तास. पिवळ्यात दोनदा एक-एक किलोमीटर, मिळून तास. एकूण साडेअकरा तास, त्यातले निम्म्याहून जास्त पळण्याचे. आणि लंकावीला काय होणार आहे? ३.८ किलोमीटर पोहायला तुला सुमारे एक तास चाळीस मिनिटं. १८० किलोमीटर सायकल, तिथल्या चढ-उतारांवर पावणेआठ तास धर. मग ४२.२ किलोमीटर, साडेपाच तास. दिवसाचा निम्मा वेळ तू खोगिरावर असणार, आणि तयारीत सायकलला आठवड्यातून एक दिवस.

तुला वाटतं पळणं कच्चं आहे, कारण गोव्यातल्या अर्ध्या आयर्नमॅनमध्ये मिरामारला शेवटचे २१ किलोमीटर तू दोन तास चाळीस मिनिटांत रखडत काढलेस. एरवी तू तेवढंच अंतर दोन दहामध्ये पळतेस. मी तुझ्या घड्याळाचा आलेख पुन्हा काढून पाहिला. सायकलच्या पहिल्या तासात तुझे ठोके १६५ च्या खाली आलेच नाहीत. कुणाच्या तरी मागे लागली होतीस, हो की नाही? आणि साडेतीन तासांत खाल्लंस काय, तर एक राजगिऱ्याची चिक्की. ते पाय सायकलवरच संपले होते. पळताना फक्त बिल आलं. त्यावर उपाय म्हणून तू पळणं वाढवलंस!

हे भांडण या खेळाइतकंच जुनं आहे म्हण. हवाईत पळणारे आणि पोहणारे 'जास्त तंदुरुस्त कोण' म्हणून वाद घालत होते. त्यात जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सायकलवाल्यांची बाजू पुढे केली, आणि मग ओआहू बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवसात जोडायची टूम निघाली. १९७८ साली त्या पहिल्या आयर्नमॅनला पंधरा जण उतरले, बारा पोहोचले. तुझ्या वेळापत्रकात तो वाद अजून चालूच आहे, आणि पळणारी बाजू दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाहीये.

पळण्याला मी एवढी का घाबरते ते सांगते. पाण्यात वजन नसतं, खोगिरावर ते खोगीर उचलतं. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार पायावर येतो, आणि ६२ किलोमीटर म्हणजे साठ-पासष्ट हजार पावलं. दम लवकर वाढतो, दोन महिन्यांत फरक जाणवतो. हाडं आणि कंडरा आपल्या चालीने, कित्येक महिन्यांनी तयार होतात. तुझी छाती तुझ्या नडगीच्या पुढे पळत गेलीय. शिवाय पळून आलेला थकवा दुसऱ्या दिवशीची सायकल खातो. सायकलचा थकवा पळण्याला तेवढा खात नाही. म्हणून मोजक्या तासांत काय कापायचं हा प्रश्न आला की मी लांब पळणं कापते.

नडगी ठीक निघाली तर पुढचे सहा आठवडे पळणं साडेतीन तास. चार वेळा, पण तुकड्यांत: एकदा ४० मिनिटं, एकदा ५०, रविवारी सायकलवरून उतरल्यावर अर्धा तास, आणि एक दीड तासाचं लांब. दिवस कमी करू नकोस, लांबी कमी कर. पायांना आठवण राहायला वारंवार लागतं, लांब नाही. लांब पळणं पुढे सप्टेंबरात सव्वादोन, फार तर अडीच तासांपर्यंत नेऊ, त्यापुढे नाही. तू लिहिलेल्या ३२ किलोमीटरवर मी काट मारलीय. मॅरेथॉनवाल्यांचा तो नवस आहे, आपला नाही. आणि हे लांब पळणं शनिवारी नको. शनिवारी ते आणि रविवारी लांब सायकल असं केलंस की सोमवारी वर्गात खडू उचलवणार नाही. बुधवारी तुझा पहिला तास अकराला असतो ना? मग बुधवारी पहाटे.

टेम्पो (सलग जोरात पळणं) आणि इंटरव्हल (तुकड्या-तुकड्यांत जोरात पळणं) दोन्ही सध्या पळण्यातून काढ. जोर लावायचाच असेल तर होम ट्रेनरवर, म्हणजे घरात जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर, लाव, तिथे हाड मोडत नाही. पळायचं ते एवढ्याच वेगात की शेजारणीला अख्खी गोष्ट सांगता आली पाहिजे. मार्क ॲलन, सहा वेळा हवाईची आयर्नमॅन जिंकलेला माणूस, ठोक्यांना मर्यादा घालून महिनोन् महिने कंटाळवाणं हळू पळायचा. आपल्याला कसली लाज?

आता दुखरी गोष्ट. सातारा हिल मॅरेथॉन. तुला दरवर्षी पळायचीच असते, मला माहितीय, मीही तशीच होते. पण यंदा नको. चढाने मी घाबरत नाही, उताराने घाबरते. यवतेश्वरवरून खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक मारतो, आणि तसा मारलेला ब्रेक पुढचे कित्येक दिवस जिना उतरताना आठवतो. शर्यतीच्या तोंडावर ते दिवस मला सायकलसाठी हवेत. अगदीच राहवलं नाही तर पाण्याच्या टेबलावर उभी राहा, मी पण येते.

निळी पट्टी आता तीन दिवस. मंगळवारी आणि शुक्रवारी ट्रेनरवर तास-सव्वा तास, रविवारी रस्त्यावर. पावसात घाटाच्या भानगडीत पडू नकोस, ओल्या पानांवर चाक सरकतं तेव्हा ब्रेक कामाला येत नाही. कराडच्या बाजूला सर्व्हिस रोडने जाऊन यायचं, शंभरेक किलोमीटर सहज होतात. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लाव आणि गजराला खायचं, भूक असो नसो. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य. खजूर, चिक्की, मिठात घोळलेला उकडलेला बटाटा, जे पोटाला चालेल ते, पण लंकावीत खाणार तेच इथे खायचं. सायकलवरून उतरलीस की पाच मिनिटांत बूट बदलून पळायला लाग. पहिले दोन किलोमीटर पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. ते तसेच वाटणार हे अंगाला कळावं एवढ्यासाठीच तो अर्धा तास आहे. सायकलनंतर लगेच पळायचं याला ब्रिक म्हणतात; दोन-दोन तासांच्या ब्रिकची फॅशन आलीय, त्यातून मला तरी दुखण्यापलीकडे काही मिळालं नाही.

पोहण्याबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुला तंत्र शिकवणारे सर आहेत. दोनदा लांब पोहण्याऐवजी तीनदा ४५ मिनिटं जा. आणि फळी धरून नुसते पाय मारून बघ: पुढे जातेस की जागेवरच राहतेस? मी तर मागे जायचे, लहान पोरं हसायची. पळणाऱ्यांचे घोटे इतके आखडलेले असतात की पाऊल सरळ होतच नाही, मग पाय बुडतात आणि हातांना अख्खं शरीर ओढावं लागतं. रोज रात्री वज्रासनात बसून घोटे मोकळे कर. मिनिटं किती वाचतील ते सोड, पाण्यातून बाहेर येताना धाप लागलेली नसेल. बुधवारचं पोहणं संध्याकाळी ठेव, सकाळी पळून जड झालेल्या पायांना पाण्यात बरं वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुला वाटायला लागेल की आपण आळशी झालो. ग्रुपवर लोक आठवड्याचे ७० किलोमीटर टाकतील. त्यांच्यातल्या किती जणांनी आदल्या दिवशी पाच तास सायकल चालवली ते विचार, किंवा विचारू नकोस, ग्रुप म्यूट कर. दर चौथ्या आठवड्याला सगळंच तिसऱ्या हिश्श्याने कमी करायचं आणि घरी आईला पोह्यांना मदत करायची.

नवं वेळापत्रक मी करून देणार नाही. तूच कर, त्याच रंगांत, आणि हिरवा खडू आधी लांब ठेव. निळा भरून झाल्यावर, पिवळा भरून झाल्यावर जी जागा उरेल त्यात हिरवा.

अंगठ्याने काय सांगितलं ते मात्र आज रात्रीच कळव. सगळं ठीक असेल तर रविवारी सव्वापाचला पोवई नाक्यावर ये, पळायचे बूट पिशवीत घालून. चहा कराडात, पैसे तुझे.

तुझी,
ताई