मणके जोडून टाकण्याऐवजी त्यांच्यामधल्या गादीच्या जागी कृत्रिम चकती बसवता येते का?

येते, पण सगळ्यांना नाही. फ्यूजनमध्ये दोन मणके कायमचे एक करतात. तिथली हालचाल संपते आणि वरखालच्या सांध्यांवर ताण वाढतो. कृत्रिम चकतीत धातूच्या दोन तबकड्यांमध्ये बहुधा प्लास्टिकचा गाभा असतो, त्यामुळे हालचाल टिकते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९८०च्या दशकात अशी चकती घडवणाऱ्या दोघांपैकी एक, कारिन ब्यूटनर-यान्झ, म्हणजे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या जिम्नॅस्ट! कण्याची लवचिकता त्यांना कोण शिकवणार? मात्र हाडं ठिसूळ असतील, मणका सरकला असेल किंवा मागचे छोटे सांधे झिजले असतील, तर चकतीचा नाद सोडा. कमरेसाठी पोटाकडून शिरावं लागतं, म्हणून सर्जनने अशा किती शस्त्रक्रिया केल्यात ते आधी विचारा.