‘स्टेबल डिसीज’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की आईला कॅन्सर आहे, तिच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर ‘स्टेबल डिसीज’ लिहिलंय, घरी ‘आजार स्थिर आहे’ असं सांगितलं तर आई घाबरली, दुसरा शब्द आहे का?

आहे की. आजार थोपलाय असं सांगा. ‘स्थिर’ आपण ऐकतो कुठे, तर ‘प्रकृती चिंताजनक पण स्थिर’, म्हणजे थेट आयसीयूच डोळ्यासमोर येतं, आई घाबरणारच.

पण मागचं मोजमापही बघा. ठरावीक गाठींची मापं घेऊन बेरीज करतात, त्याचे रेसिस्ट (RECIST) नावाचे निकष आहेत, २००९ साली सुधारलेले. पहिल्या स्कॅनपेक्षा बेरीज ३० टक्के किंवा जास्त उतरली तर पार्शल रिस्पॉन्स, आजवरच्या सगळ्यात कमी बेरजेपेक्षा २० टक्के आणि निदान ५ मिमी वाढली किंवा नवीन गाठ दिसली तर प्रोग्रेशन, आणि मधलं सगळं स्टेबल. म्हणजे समजा एकच गाठ आहे, ५० मिमीची ४० झाली, तरी रिपोर्टवर स्टेबलच येणार कारण पार्शलला ३५ वर यायला लागते. अख्खा एक सेंटिमीटर कमी झालाय आणि घरी आपण सांगतोय ‘स्थिर’! तेव्हा आधी रिपोर्टमधले आकडे बघा, ते उतरले असतील तर तेही आईला सांगा.

रिस्पॉन्सला ‘अंशतः प्रतिसाद’ वगैरे नको, आपल्याकडे औषधाला गुण येतो. आत्याच्या केमोच्या वेळी परळला बाकावर शेजारी सातारकडच्या एक मावशी होत्या, स्कॅनचं मोठं पाकीट मांडीवर घट्ट धरून मुलाला विचारत होत्या, ‘जिरली का रं थोडी?’ सूज जिरते, गळू जिरतं, तशी गाठ जिरली. इतका नेमका शब्द मला अजून दुसरा मिळालेला नाही.

प्रोग्रेशनचं भाषांतर ‘आजाराची प्रगती’ असं कृपा करून कुणी करू नका, प्रगती पोराची होते, आजार बळावतो.

पेट स्कॅनचं थोडं वेगळं आहे. त्यात ग्लुकोजसारखं किरणोत्सारी औषध टोचतात, ज्या पेशी ते जास्त ओढून घेतात त्या स्कॅनमध्ये उजळतात, त्यामुळे माप तेवढंच राहूनही उजेड गेलेला असू शकतो, लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरात, तर असं पुष्कळदा होतं, मागे नुसता वण उरलेला असतो. अशा वेळी गाठ जिरली म्हणणं चूक, मी ‘विझली’ म्हणतो.