स्टेजवरून जरा खाली उतरा

तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांची एक तक्रार हमखास सुरू होते: "मॅडम, रिसेप्शनवरून घरात रोज वाजतंय." कुणाला ड्रोन हवा असतो, कुणाला धुरातून एन्ट्री, कुणाला यातलं काहीच नको. पण लोकांनी नाव काढलं पाहिजे, यावर मात्र सगळ्यांचं एकमत!

अशीच एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिला मीनल म्हणू. नाशिकजवळचं लॉन ठरलेलं, 600 माणसांचं जेवण, आणि बापलेकीत अबोला.

"मला रात्रभर पुतळ्यासारखं उभं राहायचं नाहीये."

"आणि ज्यांच्याकडे आपण जेवून आलो, त्यांना बोलवायचं नाही का?"

मी खर्चात आणि डेकोरेशनमध्ये पडत नाही. भांडण हॉलवरून दिसलं तरी ते नात्यातलं असतं, हे माझं पक्कं मत. म्हणून मी घरच्यांना समोरासमोरच बसवते. आधी एक हिशेब करायला लावला. तिघं-तिघं मिळून स्टेजवर आले तरी 600 माणसांचे 200 गट. प्रत्येक गटाला एक मिनिट दिलं तर तीन तास वीस मिनिटं. वडिलांनी कागदावर पुन्हा भागाकार करून पाहिला.

मग विचारलं, "इतक्या लग्नांना गेलात, त्यातलं लक्षात कोणतं राहिलं?"

बराच वेळ ते गप्प होते. मग एकदम खुलले. "थोरल्या बहिणीचं. दारातच मांडव होता. काका जिलेबीचा आग्रह करत पंगतीत फिरत होते. मी ताटावर आडवा हात धरला, तर त्यांनी हातावरच जिलेबी ठेवली. पाक पार कोपरापर्यंत!" हसता हसता थांबले. "परवा एका रिसेप्शनला पाकीट दिलं, फोटो काढला, जेवून निघालो. जेवलात का म्हणून कुणी विचारलं नाही. माझ्या दारातून कुणी तसं जायला नको."

मीनल बघतच राहिली. "पप्पा, मग मला तरी दुसरं काय हवंय? मलाही माणसांना भेटायचंय."

गाठ सुटली ती इथे. थाटमाट मागणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आपल्या माणसांची विचारपूस करायची असते, हे मला पुस्तकांनी नाही, या खुर्चीने शिकवलं. पुस्तकं नंतर दुजोरा देतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली लोकांना एकदा 60 सेकंद, हात दुखेल इतक्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेवढंच करून वर आणखी 30 सेकंद, फक्त शेवटी पाण्याचा गारठा किंचित कमी होत गेलेला. पुन्हा कोणतं कराल, तर बहुतेकांनी लांबलेलंच निवडलं. आठवणीत एखादा ठसठशीत क्षण आणि शेवट उरतो. कार्यक्रम किती तास चालला ते फारसं उरत नाही.

म्हणून सांगते, स्टेज दीड तासात आटपा. मग जोडीने खाली उतरा, टेबलाटेबलाशी जा, फोटो तिथेच काढा. आठ-दहा जण एकदम भेटतात, आजी-आजोबांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. अँकर ठरवण्याआधी घरात कोण काय करतं ते बघा. लग्नाला तीस-चाळीस वर्षं झालेल्या जोडप्यांना माइक देऊन उखाणे घ्यायला लावा. ठरवून बसवलेल्या नाचापेक्षा जास्त शिट्ट्या पडतात. नाच ठेवाच, पण आटोपशीर. उघड्या लॉनवर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर चालत नाही, तेव्हा रंगणारं काही असेल ते नऊच्या आत. आणि निघताना दोन्हीकडचे आईवडील दारात विडे घेऊन उभे असू देत. कॅटरर हे काम अंगावर घ्यायला तयार असतो, त्याला देऊ नका.

मीनलच्या घरी हे सगळं मान्य झालं. जिलेबी वडील स्वतः वाढणार होते. अडलं ते सनई की डीजे यावर. जेवताना सनई, मग डीजे, असा तोडगा निघाला. पण आवाज किती ठेवायचा यावर जिना उतरेपर्यंत दोघांचं चालूच होतं.