साउंडबोर्डच्या आवाजाचे काम

तुम्ही पहिल्याच गिटारच्या साउंडबोर्डला, म्हणजे तिच्या दर्शनी लाकडी फळीला, हात घातला आहे, याचा मनापासून आनंद वाटला. म्हणूनच घाई करू नका, असे आग्रहाने सांगतो. स्प्रूस या हलक्या लाकडाची फळी अडीच ते तीन मिलिमीटर जाडीपर्यंत आणली की पुढचे बरेचसे काम आतल्या ब्रेसचे, म्हणजे फळीला आतून चिकटवलेल्या आधारपट्ट्यांचे, असते. ब्रेसची रुंदी निम्मी केली तर तिचा ताठपणाही निम्मा होतो, पण उंची निम्मी केली तर तो केवळ एक अष्टमांश उरतो. त्यामुळे वरून पटाशी चालवताना कागदासारखा पापुद्राच निघाला पाहिजे, आणि दर थोड्या वेळाने फळी कडेजवळ दोन बोटांत सैल धरून ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकवतात त्या पट्टीच्या) जागी बोटाच्या पेराने ठोकून ऐकले पाहिजे. सुरुवातीचा आखूड, बद्द आवाज हळूहळू खाली उतरतो आणि अधिक वेळ घुमतो. हे घुमणे वाढायचे थांबले की पटाशी बाजूला ठेवा. दोन मुख्य ब्रेस एक्स आकारात एकमेकींना छेदतात तिथे तर लाकूड राखूनच ठेवावे, कारण स्टीलच्या सहा तारांचा ताण सत्तर किलोच्या घरात जातो.

आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात मात्र ब्रेस चिकटवू नयेत, हे माझे ठाम मत आहे. ओल धरून फुगलेली फळी मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसते, आणि ब्रेसने जखडलेली असल्यामुळे तडकते. खोलीत आर्द्रतामापक लावा आणि काटा 45 ते 50 टक्क्यांवर स्थिरावल्यावरच सरस लावा.