पुण्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. गच्चीला एरोजेल इन्सुलेशन करावं का? ते खरंच पर्यावरणपूरक असतं का?

एरोजेल म्हणजे जेलमधला द्रव काढून त्या जागी हवा राहिलेला अतिशय हलका, सच्छिद्र पदार्थ. अख्ख्या गच्चीला नको, फार महाग पडेल. एरोजेलची उष्णतावाहकता (जितकी कमी, तितकी उष्णता कमी आत येते) साधारण ०.०१५ ते ०.०२ वॅट प्रति मीटर-केल्विन, थर्माकोलची ०.०३५ च्या आसपास. म्हणजे निम्म्या जाडीत तेवढंच काम. पण गच्चीवर जाडीची अडचण कुणाला असते? एप्रिल-मेचं ऊन आधी पांढऱ्या परावर्तक रंगानं परतवा.

पर्यावरणाचं म्हणाल तर खरी मेख वाळवण्यात आहे. जेल नुसतं सुकवलं की छिद्रं आकसतात, म्हणून अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल किस्लरनं १९३१ मध्ये जेलमधला द्रव उच्च दाब-तापमानाला काढला. ऊर्जा खाते ती इथं. एरोजेलचा नेहमीचा कच्चा माल सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य), ती भाताच्या तुसाच्या राखेतूनही मिळते (मावळात तुसाला तोटा नाही!). रासायनिक प्रक्रिया करून साध्या दाबाखालीही वाळवता येतं, पण सॉल्व्हंट (विरघळवणारं द्रव रसायन) बरंच लागतं. ते पुन्हा वापरतात का, हे विक्रेत्याला जरूर विचारा.