अनेक ओळींच्या मजकुराची पिक्सेलमधली रुंदी कशी मोजायची? अक्षरं मोजून अंदाज घेतला तर चालेल का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. नाही चालणार. इंग्रजीत एक वेळ निभावून जाईल, मराठीत नाही.

आमच्या जुन्या ऑफिसात या एका गोष्टीवरून सतत खटके उडायचे. काम होतं शुभेच्छांचे बॅनर बनवून देणाऱ्या वेबसाइटचं. वर नेत्याचा फोटो, खाली शुभेच्छुकांची नावं, नावाखाली पद, सगळं ठरावीक चौकटीत. मजकूर मावत नसेल तर फॉन्ट लहान करायचा. मावतोय की नाही हे कळायला रुंदी हवी. आमचे सीनियर मूळचे इंग्रजी बिलिंग सॉफ्टवेअरमधले. त्यांचं सूत्र तयारच होतं: स्ट्रिंगची लेंग्थ, म्हणजे मजकुरातल्या चिन्हांची संख्या घ्या, एका अक्षराच्या सरासरी रुंदीने गुणा. मी म्हटलं, सर, कॅनव्हासलाच (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या फलकाला) विचारू या ना, त्याचं मेझरटेक्स्ट (measureText) हे फंक्शन मजकुराची रुंदी मोजायलाच आहे. "एवढ्याशा कामाला कशाला? आम्ही आजवर असंच करत आलो."

मग एका तालुक्याचा बॅनर आला. त्यात 'उपाध्यक्ष' आणि शेजारी 'सरचिटणीस'. संगणकाच्या लेखी 'उपाध्यक्ष' म्हणजे नऊ: उ, प, काना, ध, हलंत, य, क, हलंत, ष. 'सरचिटणीस' आठच. म्हणजे सूत्राप्रमाणे उपाध्यक्ष लांब, सबब त्याचा फॉन्ट बारीक. पडद्यावर मात्र जोडाक्षरं जुळतात, उपाध्यक्षची चारच अक्षरं उरतात आणि सरचिटणीसची सहा. छापून आलं तेव्हा सरचिटणीस ठसठशीत, चौकटीला टेकलेलं, आणि उपाध्यक्षसाहेब शेजारी अंग चोरून उभे. फ्लेक्स चौकात लागला आणि फोन कोणाचा आला हे सांगायला नको. त्यांना ती गटबाजीच वाटली. सरांनी यावर काय केलं? सरासरी रुंदीचा आकडा बदलला! अहो, आकडा वाढवा नाहीतर घटवा, नऊ हे आठापेक्षा मोठेच राहणार ना?

असो. तुमच्या कामाचं बोलू.

मेझरटेक्स्टला फक्त एक ओळ कळते. नव्या ओळीची खूण दिसली की ते तिथे स्पेस धरतं. त्यामुळे चार ओळी दिल्यात तर चारही एकापुढे एक ठेवल्यावर होईल तेवढी रुंदी मिळते. ओळी आधी स्वतः तोडा, प्रत्येकीची रुंदी वेगळी घ्या, त्यातली सर्वांत मोठी ती तुमची. मजकूर विंडोजवरून आलेला असेल तर ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची एक जादा अदृश्य खूण) लोंबकळत राहतो आणि त्याचीही स्पेस धरली जाते, तो आधी झाडून टाका. आणि ओळ अख्खी मोजायला द्या. एकेक अक्षर मोजून बेरीज करणं म्हणजे सरांचंच सूत्र नव्या कपड्यात. क, हलंत, ष सुटे मोजून 'क्ष'ची रुंदी येत नाही.

ओळी ब्राउझरच तोडत असेल तर डिव्हची (पानावर मजकूर ठेवायच्या चौकटीची) रुंदी विचारून उपयोग नाही. ती चौकटीची मिळते, मजकुराची नाही. मजकुरावर रेंज (Range, म्हणजे मजकुराचा निवडलेला भाग) लावा, गेटक्लायंटरेक्ट्सने (getClientRects) त्यातल्या ओळींचे चौकोन घ्या आणि सर्वांत डावी कड ते सर्वांत उजवी कड एवढं अंतर धरा.

पायथनमध्ये पिलो (Pillow, चित्रांची लायब्ररी) वापरत असाल तर अनेक ओळी मोजायला मल्टिलाइन टेक्स्टबीबॉक्स (multiline_textbbox) आहे. जुनं टेक्स्टसाइझ 2023 मध्ये 10व्या आवृत्तीत काढून टाकलं, नेटवरची जुनी उत्तरं कॉपी करू नका. तिथे अक्षरांची जुळणी करणारी राक्म (Raqm) लायब्ररी नसेल तर 'चि'ची वेलांटी च च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरंही जुळत नाहीत. मग तुम्ही मोजलेली रुंदी मराठीची नसतेच.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: वेबफॉन्ट (नेटवरून येणारा फॉन्ट) उतरण्याआधी मोजलंत तर भलत्याच फॉन्टचा आकडा हातात येतो. डॉक्युमेंट फॉन्ट्स लोडने (document.fonts.load) फॉन्ट मागवा, तो आल्यावरच मोजा. शिवाय मेझरटेक्स्टची विड्थ म्हणजे पुढचं अक्षर कुठून सुरू होईल ते अंतर. शाई प्रत्यक्ष कुठपर्यंत जाते ते हवं असेल तर मेझरटेक्स्टच्याच उत्तरातले ॲक्च्युअल बाउंडिंग बॉक्सचे लेफ्ट आणि राइट (actualBoundingBoxLeft, actualBoundingBoxRight) घेऊन त्यांची बेरीज करा. अगदी काठोकाठ बसवायचं नसेल तर विड्थ पुरते.

58 मिमीच्या थर्मल प्रिंटरवर इंग्रजी बिल काढायचं असेल तर मात्र सरांचं बरोबर. 384 ठिपक्यांची ओळ, 12 ठिपक्यांचं अक्षर, 32 अक्षरं बसली, विषय संपला. पण त्याच प्रिंटरवर मराठी काढायची तर बहुतेक वेळा मजकुराचं चित्र करूनच पाठवावं लागतं, आणि चित्र करायचं म्हणजे आधी रुंदी मोजा.